अण्णांची धाप, चाळीस वर्षांची बिडी आणि सीओपीडी

द्राक्षबाग :

नमस्कार मंडळी. गेले तीन महिने आमच्या घरात सीओपीडी, म्हणजे फुप्फुसातल्या नळ्यांत कायमचा अडथळा येऊन धाप लागते तो आजार, हाच एक विषय चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. आपल्याकडं घरटी एक तरी बिडीवाला म्हातारा असतो, आणि त्याला धाप लागली की सगळे म्हणतात, वय झालं. आम्हीही तेच म्हणत राहिलो. त्यात सहा वर्षं गेली.

आम्ही तासगाव तालुक्यातले. अण्णा ६६ वर्षांचे, तीन एकर बाग. विशीत मळ्यातल्या गड्यांबरोबर बिडी लागली ती लागलीच. दिवसाला एक बंडल, छाटणीच्या दिवसांत दीड. सकाळी न्हाणीत खाकरून खाकरून बेडका पडला की मगच चहा. आई लग्न होऊन आली तेव्हापासून तो आवाज ऐकतेय. रोजचाच आवाज, त्याला आजार कोण म्हणणार?

साठीच्या आसपास अण्णा बागेतून फिरताना प्रत्येक ओळीच्या टोकाला थांबायला लागले. थांबायचे, एखादा घड हातात घेऊन उलटापालटा करून बघायचे, पान उचलून खालची बाजू बघायचे. मला वाटायचं डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आलाय का बघतायत. माणूस बागेत जीव लावणारा, म्हणून कौतुकही वाटायचं. ते दम खायला थांबत होते आणि आम्हाला कळू देत नव्हते, हे मला यंदाच्या गणपतीत समजलं.

तासगावच्या रथोत्सवात रथाच्या दोराला हात लावायचा हा त्यांचा दर वर्षीचा नेम. यंदा थोडं अंतर चालले आणि एका दुकानाच्या पायरीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर ओढलेले, ओठ काळेनिळे. मी विचारतोय काय होतंय, आणि त्यांना एका श्वासात दोन शब्दांच्या वर बोलता येत नव्हतं. हार्ट अटॅकच वाटला. ईसीजी चांगला निघाला आणि तिथून आम्हाला मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडं पाठवलं.

त्याआधीच्या सहा वर्षांत दवाखाने काही कमी झाले नव्हते. दर थंडीत खोकला वाढायचा, छाती भरायची. मग एक बाटली, एक इंजेक्शन, वाफ, चार-पाच दिवसांच्या गोळ्या. आराम पडायचा. छातीचा फोटो काढला, 'साफ आहे' म्हणाले. बेडका तपासला, टीबी नाही निघाला, आणि आम्ही निर्धास्त झालो. फुंकायची तपासणी मात्र एकदाही कुणी सांगितली नाही. मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण ती तपासणी फार स्वस्तात, अर्ध्या-पाऊण तासात होते हे कळल्यावर पोटात तुटलं.

तपासणीचं नाव स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळी ताकद लावून बाहेर फुंकायचं. बाई शेजारी उभी राहून 'अजून, अजून, अजून, सोडू नका काका' म्हणत असते. किमान सहा सेकंद फुंकावं लागतं आणि किमान तीन वेळा. मग सालब्युटामॉलचे फवारे देतात, पंधरा-वीस मिनिटं बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. औषधानं नळ्या मोकळ्या होऊन आकडा बराच सुधारला तर दम्याचा संशय, नाही सुधारला तर सीओपीडी, असं साधारण. अण्णांची औषधानंतर एकूण हवा निघाली २.५० लिटर, पण पहिल्या सेकंदात त्यातली फक्त १.०५. म्हणजे प्रमाण ०.४२. हे ०.७० च्या खाली आलं की नळ्यांत कायमचा अडथळा धरतात. आणि ती पहिल्या सेकंदाची हवा त्यांच्या वय-उंचीच्या निरोगी माणसाच्या ४४ टक्के होती. चार पायऱ्यांतली तिसरी, म्हणजे तीव्र.

डॉक्टरांनी अण्णांना विचारलं, काय करता? बाग आहे म्हटल्यावर त्यांनी आजार बागेतूनच सांगितला. फुप्फुसात हवेचे बारीक फुगे असतात, कोटींच्या हिशोबात, घडातल्या मण्यांसारखे. या मण्यांच्या सालीतूनच प्राणवायू रक्तात जातो. धुरानं आत सूज येते, सुजेबरोबर पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्यातून निघणारा रस मण्यांच्या साली खाऊन टाकतो. चार मण्यांचा मिळून एक मोठा पोकळ मणी होतो. जागा तेवढीच, पण सालच उरत नाही.

मग म्हणाले, मांडवाच्या तारा तुटल्या तर काय होतं? अण्णा म्हणाले, मांडव बसतो. तसंच. फुप्फुसातल्या बारीक नळ्यांना आजूबाजूच्या या साली ताणून उघड्या धरतात. साली गेल्या की श्वास सोडताना नळ्या मिटतात, हवा आतच अडकते, आणि नव्या हवेला जागा राहत नाही. तुम्हाला वाटतं श्वास आत जात नाही. खरं तर जुना बाहेर पडलेला नसतो.

चाळीस वर्षांत कुणी अण्णांना हे असं सांगितलं नव्हतं. घरी येताना गाडीत गप्प होते. कवठे एकंद गेल्यावर म्हणाले, 'तारा परत ओढता येत न्हाईत का रं?' मी डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. येत नाहीत. पण ज्या उरल्यात त्या राखता येतात.

लिहायचं कारण हेच. कुणाच्या घरात पन्नाशी-साठीचा बिडी-सिगारेटवाला माणूस असेल, रोजचा खोकला-बेडका असेल, चढावर किंवा जिन्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागं पडत असेल, तर फोटोवर थांबू नका. सुरुवातीला फोटो चांगलाच दिसू शकतो. फुंकून घ्या.

---

माणदेशी :

लेख वाचून वडील आठवले. पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. आमचे आजोबा नव्वदीपर्यंत चिलीम ओढत होते, शेवटपर्यंत खिल्लाऱ्या घेऊन बाजाराला चालत जायचे. त्यांना काहीच झालं नाही. मग हे सगळं बिडीमुळेच असं कसं म्हणायचं?

---

वॉर्डातली सिस्टर :

मी मिरजेत छातीच्या वॉर्डात १४ वर्षं काम करते. माणदेशी दादा, तुमची शंका रोज कुणीतरी विचारतं. धूर घेणाऱ्या प्रत्येकाला सीओपीडी होत नाही हे खरं आहे. फुप्फुस लहानपणी किती वाढलं, आईच्या पोटात आणि बाळपणी काय झालं, टीबी होऊन गेलाय का, घरात चूल होती का, घराण्यातून आलेली जनुकं कशी, सगळं त्यात येतं. काही थोड्या लोकांच्या रक्तात आल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी असतं. द्राक्षबाग यांनी जो साली खाणारा रस लिहिलाय त्याला आवर घालणारं हे प्रथिन. अशांना चाळिशीच्या आतही आजार दिसतो. पण कुणाचं फुप्फुस टिकणार आणि कुणाचं नाही हे आधी ओळखायची सोय नाही. आजोबा वाचले, पण लेख वाचून वडील आठवले हेही तुम्हीच वर लिहिलंय.

बिडीबद्दल एक गैरसमज आहे, की ती गावठी, पानाची, म्हणून सौम्य. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते हे बरोबर, पण तेंदूच्या पानातून हवा येत नाही आणि ती सारखी विझते. म्हणून जोरात आणि जास्त वेळा ओढावी लागते. निकोटिन, डांबर, कार्बन मोनॉक्साइड, तिन्ही छातीत जास्त जातात.

ओपीडीत आम्ही हिशोब असा करतो : दिवसाच्या सिगारेटी भागिले वीस, गुणिले वर्षं. याला पॅक-इयर म्हणतात. दिवसाला दहा, तीस वर्षं, म्हणजे १५. आकडा दहाच्या पुढं गेला आणि खोकला किंवा धाप असेल तर मी तरी त्या माणसाला न फुंकवता घरी सोडत नाही.

---

कृष्णामाई :

माझी आई आयुष्यात कधी बिडीला शिवली नाही. आटपाडीकडचं माहेर. तरी तिला सीओपीडी आहे. ३५ वर्षं शेणी आणि तुरकाट्यांवर स्वयंपाक, घराला धुराडं नाही, फुंकणी सतत तोंडाला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं, त्यात चुलीच्या धुराचं कारण ठळक मांडलं होतं. बायकांना दमा म्हणून औषध देतात आणि चुलीचं कुणी विचारत नाही.

घरी गॅस येऊन बरीच वर्षं झाली. पण अंघोळीचं पाणी अजून बंबावरच तापायचं, आणि जळण घालायचं काम तिचंच. आम्ही भावंडांनी मागच्या महिन्यात तो बंब बंद केला. धागा बिडीचा आहे, तरी हे लिहावंसं वाटलं. अण्णांच्या घरी चूल असेल तर तीही बघा.

---

द्राक्षबाग :

ताई, बरं झालं लिहिलंत. चूल नाही, पण बंब आमच्याकडंही आहे, आणि अण्णा त्याच्यापुढंच बसून सकाळची पहिली बिडी ओढायचे. आईलाही फुंकवून आणतो.

---

अजिंक्यतारा :

साताऱ्यात राहतो, वय ५४. सिगारेट २८ वर्षं, दिवसाला पंधरा. सोडून १४ महिने झाले. त्याआधी चार वेळा सोडली आणि चार वेळा धरली. अण्णांनी सोडली का? त्याबद्दल लिहिलं नाहीत, म्हणून माझं सांगतो.

मला पोवई नाक्यावरून घरी चढून जाताना धाप लागायला लागली. तपासणीत प्रमाण ०.६६, पहिली पायरी. डॉक्टरांनी एक आलेख कागदावर काढून दाखवला, तो अजून माझ्या पाकिटात आहे. १९७७ साली फ्लेचर आणि पीटो या इंग्रज संशोधकांनी मांडलेला. पंचविशीनंतर सगळ्यांचंच फुप्फुस उतरतं, निरोगी माणसाचं वर्षाला साधारण ३० मिलीलिटर. धुराचा त्रास ज्याला लागतो त्याचं त्याच्या दुपटीच्या आसपास. सोडली की गेलेलं परत येत नाही, पण उतार पुन्हा न ओढणाऱ्याच्या उताराजवळ येतो. कुठल्याही वयात सोडली तरी ती रेघ तिथून वळते. मला उपदेश खूप झाले होते, त्यानं काही झालं नव्हतं. त्या वळलेल्या रेघेनं झालं.

तलफ येते ती पाच-दहा मिनिटांची असते, हे मला माहीतच नव्हतं. वाटायचं दिवसभर असंच राहणार. निकोटिनची गोळी मी आधी च्युइंगगमसारखी चघळायचो, मळमळायचं, उचक्या लागायच्या, म्हणून टाकून दिली होती. ती चार-पाच वेळा चावायची, झणझणलं की गालात धरून ठेवायची, झणझण ओसरली की पुन्हा चावायची. हे कळलं आणि ती लागू पडली. ज्यांना उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली लागते त्यांचं व्यसन घट्ट असतं, त्यांना नुसत्या निश्चयावर सोडू नका. डॉक्टरांना औषध विचारा, व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्या असतात. आणि सिगारेटच्या पाकिटावर छापलेला तो १८००-११-२३५६ नंबर खरोखर लागतो. फुकट आहे. मी रडलोय त्या फोनवर.

---

द्राक्षबाग :

तुमचा प्रतिसाद अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला.

हो, सोडलीय, पण सरळ नाही. पहिले अकरा दिवस एकही नाही. बाराव्या दिवशी मजुरांच्या पाळीला मोटरीच्या खोलीमागं ओढताना मला सापडले. मी ओरडलो, याची अजून लाज वाटते. त्यांनी बिडी चिरडली आणि म्हणाले, 'साठी उलटली, आता सोडून किती दिवस मिळणार?' मिरजेच्या डॉक्टरांनी त्याचं उत्तर दिलं. ब्रिटनमधल्या डॉक्टर लोकांवर पन्नास वर्षं नजर ठेवून रिचर्ड डॉल यांनी २००४ मध्ये आकडे मांडले : तिशीत सोडली तर साधारण दहा वर्षं वाचतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडली तरी तीन. अण्णा म्हणाले, तीन वर्षं म्हणजे तीन हंगाम. तेव्हापासून ४९ दिवस झाले.

आता पंपाबद्दल विचारायचंय. दीड महिना झाला, दोन पंप चालू आहेत, एक कॅप्सूलचा आणि एक दाबायचा, आणि म्हणावा तसा फरक नाही. शेजारपाजारचे सांगतायत, पंपाची सवय लागते, गोळ्याच बऱ्या.

---

वॉर्डातली सिस्टर :

दादा, आधी एक करा. अण्णांना तुमच्यासमोर पंप घ्यायला सांगा आणि काही न बोलता फक्त बघा. मग लिहा.

---

द्राक्षबाग :

सिस्टर, बघितलं. कॅप्सूल यंत्रात घालतात, फिरवून फोडतात, तोंडात धरतात आणि त्यात फुंकतात! मी म्हटलं अण्णा, ओढायचं. तर म्हणाले, तिथं त्या बाईनं फुंका फुंका म्हटलं होतं. दीड महिना पावडर खोलीत उडत होती. आणि दाबायचा पंप जिभेवर उडतोय, आत काहीच जात नाही.

---

वॉर्डातली सिस्टर :

याचं वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडं कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही येतात. शिकवायचं काम आमचं आणि गर्दीत ते राहून जातं.

कॅप्सूलच्या यंत्राला : आधी बाजूला तोंड करून श्वास पूर्ण सोडायचा, मग ओठ घट्ट मिटून जोरात आणि खोल ओढायचा, दहा आकडे श्वास रोखायचा. नंतर कॅप्सूल उघडून बघायची, पावडर राहिली असेल तर पुन्हा ओढायचं. दाबायच्या पंपाला स्पेसर घ्या, तो प्लास्टिकचा फुगीर डबा. त्यात एक फवारा मारून सावकाश ओढायचं, म्हणजे दाबायची आणि ओढायची वेळ जुळवावी लागत नाही. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात बुरशीचा पांढरा थर येतो.

सवयीचं म्हणाल तर पंपाचं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीचं मिलिग्रॅममध्ये. जिथं दुखणं तिथंच औषध पोचतं, म्हणून थोडं पुरतं. स्टेरॉइडच्या गोळ्या आजार उसळला तेव्हा मोजके दिवस लागतात, पण वर्षानुवर्षं मनानं घेतल्या तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. रोजचा पंप बरं वाटलं म्हणून बंद करायचा नाही.

उसळी ओळखायला शिका. धाप रोजच्यापेक्षा जास्त, बेडका जास्त, आणि पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, की त्याच दिवशी दाखवायचं. आता कारखाने चालू आहेत, फडात पाचट पेटतंय, त्यात पहाटेची थंडी. अण्णांना सकाळी लवकर बागेत पाठवू नका, ऊन पडू द्या. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून.

---

येरळाकाठ :

सिस्टर, आमच्या चुलत्यांना हाच आजार आहे. कोविडच्या वेळचं ऑक्सिजनचं मशीन घरात पडून आहे. धाप लागली की लावलं तर चालेल का? बोटाचं यंत्र ९१ दाखवतंय, पाच लिटरवर लावून ९९ करू म्हणतोय.

---

वॉर्डातली सिस्टर :

नको! कृपा करून नको. काही सीओपीडीच्या रुग्णांत जास्त ऑक्सिजन दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. माणूस शांत झोपल्यासारखा दिसतो आणि बेशुद्धीकडं जात असतो. घरच्यांना वाटतं आराम पडला. आजार उसळलेला असताना आम्ही ८८ ते ९२ एवढंच ठेवतो, मुद्दाम. चुलत्यांचं ९१ नेहमीचंच असेल तर मशीनची गरज नसेल; नेहमीपेक्षा उतरलेलं असेल तर दवाखान्यात न्या.

घरी ऑक्सिजन काही जणांना लागतो, पण तो रक्ताची तपासणी करून ठरतो. शांत बसलेलं असताना ८८ किंवा त्याखाली राहत असेल तर. आणि मग तो धाप लागली की दहा मिनिटं असा नसतो, दिवसातले १५ तासांहून जास्त लावावा लागतो. त्यानं आयुष्य वाढतं हे १९८०-८१ च्या दोन अभ्यासांत दिसलंय. मशीन चालू असताना खोलीत बिडी-काडेपेटी अजिबात नको. तोंड भाजलेले रुग्ण मी बघितलेत.

धाप लागली की मशीनआधी हे करायचं : पुढं वाकून बसायचं, कोपरं मांडीवर. नाकानं श्वास घ्यायचा दोन आकडे, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा चार आकडे, गरम चहावर फुंकर घालतो तसा. नळ्यांत मागून दाब राहतो, त्या मिटत नाहीत, अडकलेली हवा निघते.

---

माणदेशी :

मी वर शंका काढली होती. परवा सांगलीला सिव्हिलमध्ये जाऊन फुंकून आलो. ०.७४ आलं. काठावर आहे म्हणाले. खिशातलं बंडल तिथंच बाहेर सोडून आलो, बघू.

---

अजिंक्यतारा :

दादा, चौथ्या दिवशी जड जाईल. व्यक्तिगत निरोप टाका, मी फोन करतो.

---

द्राक्षबाग :

दोन महिन्यांनी लिहितोय. पंप बरोबर जायला लागला आणि आठवड्यात फरक दिसला. आठवड्यातून दोनदा मिरजेला व्यायामाला नेतो, बाकी दिवस घरी. चालणं, खुर्चीतून उठबस, पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन हात वर करणं. धाप लागते म्हणून हलायचं नाही, हलत नाही म्हणून पायातली ताकद जाते, आणि ताकद गेली की अजून धाप, हे चक्र आम्हाला तिथं समजलं. सहा मिनिटांत किती चालतात ते मोजतात. सुरुवातीला २५५ मीटर होते, काल ३०० झाले. फुंकायचा आकडा जवळपास तिथंच आहे, तो वाढणार नव्हताच.

जेवण आता थोडं थोडं चार-पाच वेळा देतो. पोट तटाटलं की छाती-पोटामधला श्वासाचा पडदा वर दाबला जातो आणि दम लागतो. अंडी, डाळ वाढवली. चार किलो वजन गेलं होतं त्यातलं दीड परत आलं. आईची तपासणी चांगली आली, बंब भंगारात दिला.

आज सकाळी ऊन पडल्यावर दोघं बागेत गेलो. मणी पाणी धरतायत. ओळीच्या टोकाला अण्णा थांबले. घडाला हात लावला नाही. खांबाला टेकले, ओठांचा चंबू केला आणि मला म्हणाले, 'थांब जरा. दम लागलाय, खाऊ दे.'